परसातील टोमॅटो : दोन वाणांची तुलना
(शिक्षक-मेळाव्यातील व्याख्यान)



टोमॅटोचे झाड ही खेड्यातील मुलांना नवलाची वस्तू नव्हे. विदर्भात त्याला भेदरे म्हणतात, इतरत्र कोठे टंबाटे म्हणतात. परंतु मोरीच्या सांडपाण्याच्या कडेला आपोआप उगवलेले त्याचे रोप प्रत्येकाने पाहिलेले असते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातून निघालेले आणि मेक्सिकोत लागवडीस रुळलेले हे झाड युरोपीय लोकांच्या मार्फत हिंदुस्थानात आले. बंगालमध्ये त्यास विलायती वांगे हे नाव पडले, यावरून ते परके होते हे कळते. आज ते परके राहिलेले नाही. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांतील पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून तर शाळेच्या आवारातही त्यास मानाची जागा मिळाली आहे.

शाळेत टोमॅटो लावले म्हणजे वाणांचा प्रश्न येतोच. दोन पुड्यांवर दोन नावे असतात, आणि मुले विचारतात, "गुरुजी, यांतला चांगला कोणता?" हा प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर पुडीवर पाहून देणे हा मात्र एक चांगला पाठ वाया घालविण्याचा मार्ग होय.

उत्तर शोधण्याची जी रीत कित्येक शाळांत दिसते, तिच्याकडे प्रथम पाहणे आवश्यक आहे. वर्गातील अर्ध्या मुलांना एका वाणाची रोपे देतात, उरलेल्यांना दुसऱ्या वाणाची. मुले ती घरी परसात लावतात. माघात फळे शाळेत आणावयाची, तोलावयाची आणि निर्णय द्यावयाचा. ज्या मुलाच्या घरी विहीर आहे, दारी म्हशींचा गोठा आहे, तो पाटीभर फळे आणतो. जी मुलगी सार्वजनिक नळावरून डोक्यावर पाणी आणते, आणि ज्या घरी परस म्हणजे भिंत व रस्ता यांमधील दीड हात पट्टी, ती चार सुपारीएवढी फळे रुमालात बांधून आणते. फळ्यावर लिहिले जाते : पहिला वाण सरस.

येथे तुलना वाणांची झाली काय? तुलना झाली ती विहिरीची आणि नळाची, गोठ्याची आणि दीड हात पट्टीची. निष्कर्ष चुकला ही हानी लहान आहे. टोमॅटोचे बी पुढील वर्षी पुन्हा पेरता येते. मोठी हानी ती की, त्या मुलीने सर्वांसमोर आपला रुमाल सोडला आणि आपले ते कमी प्रतीचे एवढेच ती शिकली. शास्त्राच्या नावाखाली तिला असे काही शिकविण्याचा अधिकार कोणत्याही शाळेस नाही.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक घरी दोन्ही वाण द्यावेत. चार रोपे पुरेत : दोन एका वाणाची, दोन दुसऱ्याची, एकाच पट्टीत शेजारी शेजारी. मग गोठ्याच्या घरी दोन्ही वाणांस गोठ्याचे खत मिळते आणि नळाच्या घरी दोन्ही वाणांस तेवढेच एक तांब्या पाणी मिळते. तुलना एका घराची दुसऱ्या घराशी होत नाही. ती त्या घरातल्या त्या घरात होते. गोठ्याच्या घरी एका वाणाचे सहा किलो व दुसऱ्याचे पाच किलो आले, आणि नळाच्या घरी एकाचे पाऊण किलो व दुसऱ्याचे अर्धा किलो आले, तर दोन्ही घरांची साक्ष एकच आहे व तिची किंमतही सारखीच आहे. रुमालात आणलेली फळे येथे पाटीभर फळांच्या बरोबरीने मोजली जातात. ही दया नव्हे. हिशेबाची खरी रीतच तशी आहे.

शेतीतील प्रयोगांस ही शिस्त लावण्याचे मोठे श्रेय रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाकडे जाते. ते १९१९ साली रॉथॅमस्टेड येथील कृषि-संशोधन केंद्रात आले. जमिनीचा कस हातभर अंतरावरही बदलतो, म्हणून तुलना करावयाची ती जवळच्या तुकड्यांत करावी आणि कोणता वाण कोठे लावावयाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे त्यांनी दाखवून दिले. खेड्यातील शिक्षकास याचे एक भावंड चांगले परिचयाचे आहे. गावात होणारा पीक कापणी प्रयोग त्याने पाहिलेला असतो. चिठ्ठीने निवडलेल्या शेतात दोरी धरून तुकडा मापतात व तेवढेच पीक कापून तोलतात. ही पद्धत भारतात रूढ करण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा वाटा मोठा आहे. शेताच्या मालकाने दाखविलेला तुकडा कापला तर तो चांगलाच निघणार, हे ओळखूनच त्यात चिठ्ठीची योजना आहे. परसातही तेच करावे. डाव्या बाजूस कोणता वाण व उजव्या बाजूस कोणता, हे मुलाने नाणे उडवून ठरवावे; नाही तर ज्याचे नाव अधिक आकर्षक त्याला उन्हाची जागा मिळते.

नावाचा मोह हा खरोखर मोठा अडथळा आहे. 'सुधारित', 'हायब्रिड' असे शब्द कानी पडले की पाणी घालणारा हात नकळत तिकडे अधिक झुकतो. यास्तव रोपांना नावे सांगूच नयेत. पत्र्याच्या पट्टीवर १ व २ असे आकडे लिहून रोपाशेजारी खोचावेत, आणि कोणता आकडा कोणाचा हे शिक्षकाने स्वतःच्या टिपणवहीत ठेवावे. शेवटी नावे उघड करण्याच्या दिवशी वर्गात जी उत्सुकता असते, ती परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही नसते.

आता वाणांविषयी. लहान मुलांसाठी डोळ्यांना स्पष्ट भेद दिसेल अशी जोडी निवडावी. पुसा रूबी व रोमा ही तशी जोडी आहे. पुसा रूबी हा दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेचा जुना वाण. अमेरिकेतील एक वाण व मेरठकडील सुधारित वाण यांच्या संकरातून निवडून स्थिर केलेला. त्याची वाढ पसरट व लांबत जाणारी, फळ चपटे गोल, देठाजवळ किंचित खाचा असलेले, रसाळ व आंबटसर. (नावातील पुसा हे दिल्लीतील नव्हे, बिहारमधील गाव होय. ही संस्था तेथे १९०५ साली स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडल्यावर १९३६ साली ती दिल्लीस हलविली. नावाने मात्र गाव सोडले नाही. भूगोलाच्या तासास हे उपयोगी पडावे.) रोमा हा अमेरिकेतील वाण, झाड झुडपासारखे, वाढ एका मर्यादेपर्यंत होऊन थांबणारी, फळ लांबट, भिंत जाड, रस कमी. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेचा अर्का विकास हा वाण पाण्याचा ताण बराच सोसतो. टंचाईच्या गावांनी त्याचा विचार अवश्य करावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे धनश्री व भाग्यश्री हे वाण महाराष्ट्रात प्रसिद्धच आहेत. पैकी भाग्यश्रीचा रंग गडद लाल. याखेरीज गावातील कोणाच्या आजीने वर्षानुवर्षे राखलेला लहान फळांचा आंबट वाण मिळाला, तर तो जोडीतला एक म्हणून घ्यावाच घ्यावा. त्याची जाहिरात कोणी करीत नाही, एवढेच त्याचे न्यून.

वेळेचा हिशेब आधी करावा लागतो. बी भाद्रपदाच्या सुमारास शाळेतच गादीवाफ्यावर पेरावे. वाफा उंच नसेल तर पावसात रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया असतात, म्हणून वर्गासाठी लहानशी पुडी पुष्कळ होते. आठवड्याभरात कोंब वर येतात आणि पंचवीस ते तीस दिवसांत रोपे लावणीयोग्य होतात. ती दिवाळीच्या सुटीपूर्वी मुलांच्या घरी गेली पाहिजेत. शाळेच्या बागेतील कितीतरी प्रयोग सुटीतच वाळून जातात. घरच्या परसात सुटी नसते, हा घरी लावण्याचा दुसरा लाभ. रोपे देताना जोमदार तेवढी निवडून आवडत्या मुलांस देऊ नयेत. दोन्ही वाणांतील अगदी थोर व अगदी खुरटी बाजूस काढून मध्यम रोपे वाटावीत. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर असावे. चारही झाडांना तुराट्यांचा किंवा शेवरीचा आधार द्यावा. झुडपी वाणाचे आधारावाचून एक वेळ भागते, पण पुसा रूबीसारखा वाण जमिनीवर लोळला की त्याची फळे सडतात व तो निष्कारण बदनाम होतो. तंबाखू मळलेल्या हाताने मात्र रोपांस स्पर्श करू नये. तंबाखूच्या पानातील एक विषाणू हाताने टोमॅटोवर जातो. हा नियम मुलांसाठी नव्हे, हे उघड आहे.

नोंदींत काय असावे? पहिले फूल कधी उमलले, पहिले फळ कधी पिकले, प्रत्येक तोडणीस फळे किती व वजन किती, किडकी व सडकी किती. एवढे पुरे. तोलण्यास घरी काटा नसल्यास फळे शाळेत आणून पोषण आहाराच्या काट्यावर तोलावीत. फळ सर्वत्र एकाच अवस्थेत तोडावे. एकाने तांबूस होताच तोडले व दुसऱ्याने पूर्ण पिकू दिले तर दिवसांची तुलना फसते. धाकट्या भावाने झाडावरच खाल्लेली फळे 'खाल्ली : ३' अशी लिहावीत. शेळीने झाड खाल्ले तर तेही लिहावे. त्या घराचे आकडे बेरजेत धरता येणार नाहीत, परंतु त्या मुलाची वही इतरांच्या वहीइतकीच पूर्ण समजावी.

ज्या दिवशी पाहिले नाही, तो रकाना कोरा सोडावा. या मुद्द्यावर अंमळ थांबणे योग्य होईल. तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली नोंदवही अनुभवी नजरेस पहिल्या पानावरच ओळखू येते. वजने सारी पूर्ण आकड्यांत, एकही रविवार चुकलेला नाही, आणि शेळी तर गावात नाहीच. अशी वही पाहून समाधान मानणारा अधिकारी असेल, तर दोष त्याचाही आहे. मुलाला मात्र अशी वही भरावयास लावली, तर आकडा म्हणजे वरिष्ठांना हवी असलेली गोष्ट असे तो आयुष्यभर समजेल. उलट ज्या वहीत चार रकाने कोरे आहेत व कडेला 'ताप आला होता' असे लिहिले आहे, त्या वहीतील उरलेल्या आकड्यांवर विसंबता येते.

फळे लागू लागली म्हणजे मुले दोष वाणावर ढकलू लागतात. तेव्हा शिक्षकास कारणे ठाऊक हवीत. फळाच्या टोकाशी काळा, दबलेला डाग पडला, तर तो रोगाचा नसतो. चुना म्हणजे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत न पोचल्याने तो पडतो, आणि पुष्कळदा त्याचे मूळ पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही, यात असते. लांबट फळांच्या वाणांत तो अधिक दिसतो. म्हणून येथे वाण व पाणी दोघांचाही वाटा आहे असे सांगणे खरेपणाचे होईल. फळे तडकणेही बहुधा अनियमित पाण्यामुळेच. पाने आकसून वर वळली व झाड खुंटले, तर तो विषाणुजन्य रोग होय व तो पांढरी माशी पसरविते. ते झाड उपटून दूर करावे. भोके पाडून फळ पोखरणारी अळी हाताने वेचावी. कडेला झेंडू लावला तर पुष्कळशी अळी तिकडे आकर्षिली जाते. उन्हाळ्यात फळे लाल न होता पिवळट नारिंगी राहतात, त्याचेही कारण आहे. टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते लायकोपीन कडक उष्म्यात नीट तयार होत नाही. यामुळे पौषातील एका वाणाचा रंग व वैशाखातील दुसऱ्याचा रंग यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

फाल्गुनापर्यंत आकडे जमतात. समजा, बारा घरांचे आकडे आले, त्यांपैकी सात घरांत पहिला वाण अधिक व पाच घरांत दुसरा. मुले लगेच पहिल्याच्या नावाने टाळ्या वाजवतील. त्यांना थांबवून प्रत्येकास नाणे बारा वेळा उडविण्यास सांगावे व छाप किती पडले ते मोजावयास लावावे. सात किंवा अधिक छाप शंभरात सुमारे ३९ वेळा पडतात. म्हणजे सातास पाच हा निकाल निव्वळ योगायोगानेही सहज येऊ शकतो. त्यावरून काही ठरत नाही. दहा किंवा अधिक छाप मात्र शंभरात अवघ्या दोनदा पडतात. दहा घरांनी एकच साक्ष दिली तर तिला वजन आहे. चौथीच्या मुलास टक्केवारी कळली नाही तरी नाणे कळते.

वजनाने मात्र सारे संपत नाही. फळात सुमारे ९४ टक्के पाणी असते, तेव्हा काट्यावर मुख्यतः पाणीच तोलले जाते. दोन्ही वाणांची प्रत्येकी अर्धा किलो फळे घेऊन, पातळ चकत्या करून, स्वच्छ ताटांत जाळीच्या कापडाखाली कडक उन्हात वाळवाव्यात. पूर्ण वाळल्यावर तीस ग्रॅमच्या आसपास उरते. कोणत्या वाणाचे थोडे अधिक उरते ते पाहावे. एक एक फळ आडवे कापून कप्पे मोजावेत. पुसा रूबीत चार-पाच कप्पे दिसतील, रोमात दोन-तीन व त्याभोवती गराची जाड भिंत. नंतर चवीची परीक्षा. ती डोळे बांधून, आकडे घातलेल्या बशांतून घ्यावी, कारण लाल फळ गोडच लागते असा डोळ्यांचा आग्रह असतो. आणि शेवटी फळे घरी स्वयंपाक करणाऱ्यांच्या हाती देऊन त्यांचे मत विचारून यावे. एखादी आजी सांगेल, "सारासाठी हे बरे, रस सुटतो; कोशिंबिरीला ते दुसरे, पाणी होत नाही." वर्गाने चार महिने मोजून जे मिळविले ते एका वाक्यात येथे मिळते, आणि 'चांगला कोणता' या प्रश्नापुढे 'कशासाठी' हा शब्द लागतो.

ज्या गावांतील माल नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारास जातो, तेथे हा 'कशासाठी' मुलांच्या घरच्या चुलीशी जोडलेला असतो. ट्रकमध्ये थरावर थर रचून दूरच्या शहरी जाणारे फळ टणक व टिकाऊ असावे लागते. म्हणून त्यांचे आईबाप संकरित वाण लावतात, आणि ते योग्यच करतात. २०२३ च्या जुलैत किरकोळ भाव शंभर रुपयांच्या वर गेला होता. इतर वेळी तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून माल रस्त्याकडेला ओतलेला याच मुलांनी पाहिलेला असतो. परसातील फळास ट्रकचा प्रवास करावयाचा नसतो. ते सालीने नाजूक असले तरी चालते, आणि भाव चढला असता घरी चार फळे असली तर आमटीला आंबट विकत आणावे लागत नाही. शेतातील वाण व परसातील वाण वेगळा असण्यात विसंगती नाही, हे मुलांस सांगताना त्यांच्या घरच्या व्यवसायास उणेपणा येईल असा एकही शब्द शिक्षकाच्या तोंडून जाऊ नये.

बियाण्याचा भेद येथेच समजावून द्यावा. बंगळूरच्याच संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण तीन रोगांना तोंड देतो. ज्या गावी रोगांनी पीक बसते तेथे त्याचे मोल मोठे आहे. परंतु संकरित झाडाच्या फळातील बी पेरले तर पुढच्या पिढीत झाडे भिन्न भिन्न निघतात. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरील प्रयोगांत जे मांडले तेच येथे दिसते. म्हणून त्याचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. पुसा रूबी, रोमा, अर्का विकास यांसारख्या सरळ वाणांचे तसे नाही. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची नळी स्त्रीकेसरास वेढून असते, त्यामुळे बहुतेक फळे स्वपरागानेच धरतात व शेजारी दुसरा वाण असला तरी बी बहुधा शुद्ध राहते. निवडलेला वाण सरळ असेल तर प्रयोगाचा खर्च दुसऱ्या वर्षी शून्यावर येतो.

बी धरण्याची रीत अशी. निरोगी झाडावरील, मधल्या तोडणीचे, पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. पहिल्या कौतुकाचे किंवा अखेरचे खुरटे नको. ते पिळून बिया रसासह मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात काढाव्यात व एक-दोन दिवस आंबू द्याव्यात. बीभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरते. आंबल्याने ते सुटते. मग भरपूर पाण्यात चोळून धुवावे. पोकळ बिया तरंगतात त्या टाकून द्याव्यात, बुडालेल्या घ्याव्यात. कागदावर पसरल्यास त्या चिकटून बसतात, म्हणून थाळीत किंवा कापडावर, सावलीत, वरचेवर हलवीत वाळवाव्यात. पूर्ण वाळलेले बी कागदी पुडीत घालून, पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात, उंदरांपासून व ओलीपासून दूर ठेवावी. ते तीन-चार वर्षे उगवते. पुडीवर वाणाचे नाव, बी धरल्याचे वर्ष आणि ज्या मुलाच्या परसातून ते आले त्याचे नाव लिहावे, आणि भाद्रपदात नव्या वर्गापुढे ती पुडी त्याच्याच हाताने फोडवावी.